पीएफचे ४५ लाख आले, पण महिन्याला किती येतील?

आपल्या नागपुरात कोणी रिटायर झाला की पहिला प्रश्न ठरलेला, किती मिळाले? कोणी सांगते ४० लाख, कोणी ६०, आणि आकडा ऐकला की सगळे म्हणतात चला, सुटला, आता आरामात बसून खाईल. पण घर चालते महिन्याच्या महिन्याला, दर एक तारखेला खात्यात काहीतरी पडावं लागते आणि ते दरवर्षी थोडं वाढावं लागते, नाहीतर मोठा आकडा पासबुकात असूनही पुढे ओढाताण होते. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, रिटायरमेंटचा पैसा एकरकमी पाहू नका, महिन्यात तोडून पाहा. मग पीएफ, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), पोस्ट, म्युच्युअल फंड, प्लॉट यातलं कोणतं कशासाठी हे समजायला लागते.

तर आधी खर्च. समजा मानेवाड्याला स्वतःचं घर आहे, कर्ज फिटलेलं, नवरा-बायको दोघंच, पोरगा पुण्याला नोकरीवर. खर्च किती विचारला तर दूध, किराणा, भाजी, सिलिंडर, कामवाली बाई, मोबाइल, पेट्रोल, बीपी-शुगरच्या गोळ्या असं बोटांवर मोजून २३-२४ हजार सांगतात. इथेच चूक होते, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च कोणीच मोजत नाही. घरटॅक्स, गाडीचा इन्शुरन्स, मेडिक्लेमचा हप्ता, दिवाळी, कुलरची खस बदलणं, पावसाळ्याआधी छताचं वॉटरप्रूफिंग, वर्षातून दोनदा पुण्याला जाणं-येणं, आणि आहेर, जे साठीनंतर कमी होत नाहीत कारण भाचे-पुतण्यांची लग्नं तेव्हाच निघतात. त्यात नोकरीत असताना मे महिन्याची दुपार ऑफिसात जायची, आता ४५ डिग्रीत दिवसभर घरीच राहायचं म्हणजे एप्रिल ते जून लाईटबिल वाढणारच. हे सगळं बेरीज करून १२ ने भागलं की तोच खर्च ३५ हजारांवर येते. अंदाजावर जाऊ नका, मागच्या वर्षाचं बँक स्टेटमेंट काढा आणि बायकोला सोबत घेऊन बसा, घरातले अर्धे खर्च तिलाच माहीत असतात.

आता महागाई. रिझर्व्ह बँकेचं टार्गेट ४ टक्के आणि वरची हद्द ६. वय झाल्यावर दवाखाना आणि घरी मदतीला माणूस हे दोन खर्च जास्त वाढतात, म्हणून मी ६ धरतो. ७२ ला ६ ने भागलं की १२ येतात, म्हणजे ६ टक्क्याने दर १२ वर्षांत खर्च डबल. ५८ व्या वर्षी ३५ हजार, ७० ला ७० हजार, ८२ ला १ लाख ४० हजार. त्यात वस्तू काहीच वाढली नाही, तेच दूध, तीच गोळी, तोच सिलिंडर.

एवढा मोठा हिशोब डोक्यात कसा करायचा? एक सोपी युक्ती आहे. एफडीचं व्याज साधारण साडेसहा-सात टक्के आणि महागाई सहा, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच, व्याजाने पैसा जेवढा वाढला तेवढा महागाईने खाल्ला. मग दोन्ही सोडून द्या आणि शाळेतला गुणाकार करा, वर्षाचा खर्च गुणिले जितकी वर्षं काढायची तितकी वर्षं. ३५ हजाराने वर्षाचे ४ लाख २० हजार, ५८ पासून ९० पर्यंत ३२ वर्षं, झाले १ कोटी ३४ लाख. नव्वद जास्त वाटते नं? पण बायको बहुतेक घरी दोन-चार वर्षांनी लहान असते आणि बायका जास्त जगतात, तेव्हा वर्षं मोजताना तिची मोजा, स्वतःची नाही.

याच हिशोबात ४५ लाख ठेवून पाहा. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची पेन्शन समजा ३ हजार, म्हणजे महिन्याला ३२ हजार स्वतःच्या पैशातून, वर्षाला ३ लाख ८४ हजार. ४५ लाखाला ३.८४ ने भागलं की पावणेबारा वर्षं. म्हणजे सगळं एफडीत ठेवलं तर वयाच्या सत्तरीच्या आसपास पैसा संपते, आणि सत्तरीला कोणी नोकरी देत नाही. हे घाबरवायला सांगत नाही, पण ५८ ला हे दिसलं तर खूप काही करता येते आणि ६८ ला दिसलं तर फार थोडं, म्हणून इतक्या कळकळीने लिहून राहिलो.

ईपीएसचे ३ हजार काहून धरले, तेही समजून घ्या, कारण हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या कितीतरी लोकांना वाटते की एवढा पीएफ कापला तर पेन्शनही तशीच येईल. तुमच्या बेसिक आणि डीएच्या १२ टक्के तुम्ही भरता आणि तेवढेच कंपनी भरते, पण कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात आणि तेही बहुतेकांचे १५ हजार पगार धरूनच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. फॉर्म्युला आहे पेन्शनचा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार १५ हजार आणि नोकरी पूर्ण ३५ वर्षं धरली तरी साडेसात हजार होतात. त्यातही सप्टेंबर २०१४ च्या आधी ती मर्यादा ६,५०० होती, म्हणून जुन्या लोकांची पेन्शन अजूनच कमी निघते. किमान पेन्शन २०१४ पासून १ हजार आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या पेन्शनला महागाई भत्ता नाही, जी सुरू झाली तीच राहते. ईपीएस-९५ वाले म्हातारे लोक साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता मागत इतकी वर्षं रस्त्यावर का बसतात, ते या फॉर्म्युल्यात दिसते.

सरकारी नोकरीत १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन आहे, शेवटच्या पगाराच्या निम्मी आणि वर महागाई भत्ता, त्यामुळे ती खर्चाच्या सोबत चालते. हिवाळी अधिवेशनात आपल्याकडे "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत जे मोर्चे निघतात त्यांचा सगळा जोर याच गोष्टीवर आहे, दर महिन्याला येणारा आणि वाढणारा पैसा. नंतरच्यांना एनपीएस आहे, आणि २००९ पासून एनपीएस खाजगी नोकरीवाल्याला, दुकानदारालाही उघडता येते. पैसा चांगला जमू शकते, फक्त शेवटी काही भागाची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीला पैसा देऊन आयुष्यभर मिळणारी ठरलेली रक्कम, घ्यावीच लागते, आणि साधी ॲन्युइटीही वाढत नाही, हे आधीच धरून चला.

आता पैसा हातात आला त्या दिवसापासूनचं पाहू. पहिले तीन महिने फार नाजूक असतात. बँकेत बॅलन्स दिसला की तिथूनच फोन, "काका, एवढा पैसा सेव्हिंगला काहून ठेवला, एक मस्त प्लॅन आहे", आणि मग दहा-पंधरा वर्षांच्या इन्शुरन्स पॉलिसीवर सही. घरातूनही मागणी येते, पोराच्या फ्लॅटला मदत, पोरीचं लग्न, वरचा मजला. देऊ नका असं मी म्हणणार नाही, आपल्याच लेकरांसाठी तर आयुष्यभर केलं. पण देण्याआधी ती रक्कमही महिन्यात तोडून पाहा. ८.२ टक्क्याने १० लाख म्हणजे महिन्याचे ६,८०० रुपये, लग्नावर १५ लाख गेले म्हणजे महिन्याला १०,२५० गेले, आणि ते दर महिन्याला, शेवटपर्यंत. हा आकडा पोरांसमोर मोकळेपणाने ठेवला तर बहुतेक पोरं स्वतःच म्हणतात बाबा राहू द्या, आम्ही लोन काढतो.

हे ८.२ टक्के म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात किंवा बँकेत उघडते, २०२५-२६ मध्ये दर ८.२ आहे आणि उघडताना जो दर असेल तो ५ वर्षं पक्का. एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येते, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येते. ३० लाखाचे तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५००. लोकांना वाटते साठी झाल्याशिवाय मिळत नाही, पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यालाही मिळते, अट एवढीच की रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं. ५८ ला रिटायर होणाऱ्या कंपनीवाल्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लिहूनच ठेवा, ती गेली तर साठी होईपर्यंत थांबावं लागते. व्याजावर टॅक्स आहे, पण इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर टॅक्स येत नाही, तेव्हा आपल्या या जोडप्याला ती काळजी नाही.

मग उरलेल्या १५ लाखांचं काय? इथे नागपूरकराला पाण्याचं उदाहरण लगेच समजेल. पाणी पेंचच्या धरणात असते, तिथून शुद्ध होऊन वस्तीच्या जलकुंभात येते, आणि तिथून आपल्या घरच्या टाकीत. नळ उघडतो तो टाकीचा, पण उन्हाळा निघतो धरणावर. पैशाचेही असेच तीन साठे करा. घरच्या टाकीत म्हणजे सेव्हिंग आणि छोट्या एफडीत ६ लाख, त्यात दोन वर्षांत जो खर्च कमी पडेल तो आणि अचानक दवाखाना लागला तर ती रक्कम. जलकुंभात ते ३० लाख. आणि धरणात ९ लाख, पुढच्या सात-आठ वर्षांत हात लावायचा नाही असा पैसा, इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा) किंवा हायब्रिड फंडात (शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असलेला). शेअर बाजार पडला म्हणून हा पैसा काढावा लागू नये, यासाठीच आधीचे दोन साठे आहेत. बाजार चांगला असला की धरणातून थोडं काढून टाकी भरायची, खराब असला की वाट पाहायची.

साठीत म्युच्युअल फंड म्हटलं की लोक दचकतात, आणि त्यांची भीती मी खोटी म्हणत नाही, बाजार एका वर्षात ३० टक्केही पडू शकते. पण सगळं व्याजावर ठेवायचाही धोका आहे, फक्त तो हळू येते म्हणून दिसत नाही. पाच वर्षांनी याच घराचा खर्च ४७ हजारांच्या जवळ जाते आणि व्याज तेच २०,५०० राहते. काहीतरी वाढणारं हातात पाहिजेच.

तरीही प्रामाणिकपणे बेरीज केली तर व्याज २०,५०० आणि पेन्शन ३ हजार, २३,५०० झाले, ३५ ला ११,५०० कमी. हे कोणत्याही स्कीमने भरून निघत नाही. इथे वरची खोली कामी येते, भाड्याचे समजा ८ हजार आले आणि दरवर्षी थोडे वाढले, तर ही एकच कमाई अशी आहे जी महागाईच्या मागे मागे चालते. किंवा साठी-बासष्टपर्यंत अर्धवेळ काम, अकाउंट्स लिहून देणं, ट्युशन, जुन्याच कंपनीत सल्लागार. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत महिन्याला १२ हजार जरी मिळवले तरी धरण भरलेलं राहते, आणि तेवढ्याने पुढची कितीतरी वर्षं सोपी होतात.

प्लॉटबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या इथे रिटायरमेंट प्लॅन म्हणजे प्लॉट. बेसा, बेलतरोडी, उमरेड रोड, जामठ्याच्या पुढे, जिथे लेआऊट पडला तिथे कोणीतरी म्हातारपणासाठी घेऊन ठेवला आहे. भाव वाढतात, ज्यांनी वर्धा रोडला वीस वर्षांपूर्वी घेतला ते आनंदात आहेत, आणि आपल्या नावाची जमीन असली की मनाला जो आधार मिळते तो कोणत्याच पासबुकाने मिळत नाही, हे मलाही मान्य आहे. पण प्लॉट एक तारखेला काहीच देत नाही. हॉस्पिटलचं ३ लाखांचं बिल आलं तर प्लॉटचा कोपरा विकता येत नाही, अख्खा विकावा लागते, तोही घाईत, आणि घाईत विकणाऱ्याला भाव कोण देते. कागदांचं तर वेगळंच, लेआऊट मंजूर आहे का, एनए म्हणजे बिगरशेती झाली का, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीएचं (महानगर विकास प्राधिकरण) आरएल म्हणजे रिलीज लेटर आहे का, सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हे अर्धवट असलं की गिऱ्हाईक पाय मागे घेते. विकल्यावर नफ्यावर टॅक्सही आहे, साडेबारा टक्के, किंवा २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीला इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे वाढवलेली खरेदी किंमत, धरून २० टक्के, यातला कमी भरायची मुभा आहे. म्हणून दुसरा-तिसरा प्लॉट असलेल्यांना कळकळीने सांगतो, कागद आत्ताच पूर्ण करा, आणि पन्नाशी ते साठीच्या मधात चांगला भाव आला तर एक विकून त्याचा महिन्याला येणारा पैसा करून टाका. तब्येत साथ देऊन राहिली तोवर रजिस्ट्री ऑफिसच्या चकरा होतात, नंतर होत नाहीत.

ज्यांचं वय अजून तिशीत आहे, मिहानला किंवा कुठे नोकरी आहे, त्यांच्यासाठी हिशोब उलटा आणि खूप गोड आहे. १० टक्के परतावा धरला, तो पक्का नसते पण हिशोबासाठी धरू, तर तिसाव्या वर्षापासून महिन्याला ५ हजार टाकले की साठीला १ कोटी १३ लाख होतात. चाळिसाव्या वर्षी सुरू केले तर ३८ लाख. भरलेल्या पैशात फरक ६ लाखांचा, हातात येणाऱ्यात ७५ लाखांचा. आणि नोकरी बदलताना पीएफ काढू नका, यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवरून, ट्रान्सफर करा. दर वेळी काढला की जुनं व्याजावरचं व्याज तर जातेच, पेन्शनचा पैसाही काढला की त्या नोकरीची वर्षं मोजली जात नाहीत, आणि पेन्शनला किमान १० वर्षं लागतात.

इतवारीतला दुकानदार, ऑटोवाला, घरी शिलाई करणारी ताई, यांना कंपनी नाही की पीएफ नाही. त्यांना अटल पेन्शन आहे, १८ ते ४० वयात घेता येते, इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना मात्र ऑक्टोबर २०२२ पासून नाही. २५ व्या वर्षी महिन्याला ३७६ रुपये भरले तर साठीनंतर महिन्याला ५ हजार पक्के. घ्या जरूर, पण ६ टक्के महागाईने ते ५ हजार तेव्हा आजच्या साडेसहाशेसारखे वाटतील, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. सोबत पीपीएफ ठेवा, १५ वर्षांचं, वर्षाला दीड लाखापर्यंत, आणि धंद्यातल्या माणसासाठी त्यात एक मोठी सोय आहे की कर्जापायी कोर्टसुद्धा त्यावर जप्ती आणू शकत नाही.

दवाखान्याचं थोडक्यात. ऑफिसचा मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी रिटायरमेंटसोबत संपते. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर ५ लाखांचं कव्हर ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना आहे, श्रीमंत-गरीब पाहत नाहीत. पण ५८ ते ७० ही बारा वर्षं मोकळी पडतात. स्वतःची पॉलिसी पन्नाशीच्या आधी घ्या, कारण शुगर-बीपीसारख्या जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकते, आणि ती तीन वर्षं नोकरीत असतानाच निघून गेलेली बरी.

पतसंस्थेत जास्त व्याज मिळते म्हणून रिटायरमेंटचा पैसा ठेवणारे आपल्याकडे खूप आहेत. बँक बुडाली, सहकारी बँक जरी असली, तरी प्रत्येक खातेदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. ओळखीचे संचालक, रोजची बैठक, सगळं खरं, तरी म्हातारपणाचा पैसा तिथे ठेवू नका. आणि महिन्याला दोन-तीन टक्के देतो म्हणणारा कोणीही असो, भाचा असला तरी, वर्षाचे ते २४ ते ३६ टक्के होतात, सरकार ८.२ देऊन राहिलं आहे, एवढंच मनात धरा आणि हात जोडा.

शेवटी कागद. सगळी खाती दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही चालवता येतील अशी करून घ्या. नॉमिनी टाका, पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो पैसा घेऊन वारसांना देणारा, म्हणून मृत्युपत्र वेगळं करावंच लागते, दोन साक्षीदारांच्या सहीने साध्या कागदावरही चालते. ईपीएसमध्ये नवऱ्याच्या मागे बायकोला निम्मी पेन्शन येते, ३ हजाराचे दीड हजार, तेव्हा तिचा हिशोब वेगळा मांडून पाहा आणि तो तिच्यासमोर मांडा. कोणत्या बँकेत काय, पोस्टाचं पासबुक कुठे, पॉलिसी कोणती, भाडेकरूचा करार कधी संपते, हे एका वहीत लिहा आणि ती वही कुठे आहे हे घरात दोन माणसांना सांगून ठेवा. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येते. ईपीएसवाल्यांचा तो दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, फक्त मागच्या वर्षी कोणत्या तारखेला दिला ते त्याच वहीत लिहून ठेवा.